स्वस्तातली राय व्हिस्की : नुसती चाखायची की मिसळून?

या वेळी राय व्हिस्कीवरची पत्रं जास्त आली म्हणून पूर्ण पान त्यालाच देऊन राहिलो. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे पण त्यात बाकीच्यांचंही बरंच काही येऊन जाते. एक गोष्ट आधीच सांगतो, महाराष्ट्रात व्हिस्की घ्यायला वय 25 पूर्ण पाहिजे आणि पिण्याचा परवाना पाहिजे, त्याच्या आतल्या पोरांसाठी हे पान नाही.

प्रश्न : भाऊ नमस्कार. माझा भाचा अमेरिकेत असतो, दिवाळीत आला तेव्हा रिटनहाउस नावाची राय व्हिस्की घेऊन आला. म्हणे तिकडं ही स्वस्तातली आहे पण बारवाले हीच वापरतात. आम्ही चौघं वावरात बसलो, नेहमीसारखे पेग भरले, पाणी टाकलं, तर कोणाले तिखट लागली, कोणाले कडू, एकानं तर कोल्ड्रिंक टाकून संपवली. अर्ध्याच्या वर बाटली शिल्लक आहे. ही नुसती पिण्याची चीज आहे का कॉकटेलची? आणि चाखायची म्हणजे नेमकं काय करायचं?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, बाटली चांगली आहे, वाया घालवू नका. भाचा बोलला ते खरं आहे, तिकडं ही साधारण पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास मिळते आणि त्या पैशात एवढी दमदार राय दुसरी शोधावी लागते. तुमच्या चौघांना ती तिखट लागली कारण ती आहेच तिखट, आणि वरून ती 50 टक्के अल्कोहोलची आहे. आपण जी नेहमीची इंडियन व्हिस्की घेतो ती 42.8 टक्क्यांची असते. म्हणजे 60 एमएलच्या पेगात आपल्या व्हिस्कीत साडेपंचवीसच्या थोडं वर अल्कोहोल जाते आणि हिच्यात पूर्ण 30 जाते. हात तोच, ग्लास तोच, पण माल जास्त कडक, मग घशाला लागणारच ना.

आता ही राय म्हणजे काय ते पाहू, कारण त्याशिवाय चव कशी ओळखायची ते समजत नाही. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे, थंड मुलखात हलक्या जमिनीतही येते, आपल्याकडं जिथं दुसरं काही जमत नाही तिथं ज्वारी उभी राहते तसं. अमेरिकेचा कायदा असा की व्हिस्कीवर राय लिहायचं तर धान्यात किमान 51 टक्के राय पाहिजे, आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवली पाहिजे. बाटलीवर स्ट्रेट लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं पिंपात गेलेली आणि बाहेरून रंग-वास काहीच टाकलेला नाही. तुमच्या बाटलीवर बॉटल्ड इन बाँड असंही असेल, तो 1897 चा कायदा आहे, एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान चार वर्षं मुरलेला आणि बरोबर 50 टक्क्यांवर भरलेला. त्या काळी तिकडं व्हिस्कीत भेसळ फार चालायची म्हणून तो कायदा आला. स्वस्त बाटलीवर हे तीन शब्द दिसले तर मी तरी डोळे झाकून विश्वास टाकतो, कारण ते भाव वाढवायला नाही तर माल खरा आहे हे दाखवायला लिहिलेलं असते.

आपल्या इकडच्या बऱ्याचशा व्हिस्कीत उसाच्या मळीचं स्पिरिट असते आणि त्यात थोडी माल्ट (मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) मिसळलेली. ते स्पिरिट इतकं साफ केलेलं असते की त्याला स्वतःची चव जवळपास राहत नाही, म्हणून ती पाण्यात, सोड्यात कशातही विरघळून जाते आणि आपल्या जिभेला तेच वळण पडलेलं आहे. रायचं उलटं आहे, धान्याची चव मुद्दाम ठेवलेली असते. ती लपत नाही आणि लपवायचीही नाही.

चाखायची कशी? चौघं असाल तर चौघांनी 30-30 एमएलच घ्या, त्याच्यावर नाही. स्टीलचा ग्लास नको. वर तोंडाला पसरट होत जाणारा चहाचा ग्लासही नको, वास उडून जातो. तोंडाकडं निमुळता होणारा काचेचा कोणताही छोटा ग्लास चालतो. ओतल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या, गप्पा मारा. मग नाक ग्लासात खुपसायचं नाही, काठाच्या थोडं वर धरायचं आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, तोंड बंद ठेवलं की नुसता अल्कोहोलचा झटका बसतो आणि मग पंधरा मिनिटं नाकाला दुसरं काही समजत नाही. पहिला वास गोड येईल, व्हॅनिलासारखा, साखर करपवल्यासारखा, तो जाळलेल्या ओकचा. त्याच्या मागं लवंग-दालचिनी येते. मग पहिला घोट अगदी छोटा, चमचाभर, जिभेवर फिरवून गिळा आणि त्याच्यावर मत बनवू नका, तो घोट फक्त तोंडाला सवय लावायला असतो. दुसऱ्या घोटाला खरी चव सुरू होते. आधी गोड, मग मधात मिरी चावल्यासारखं तिखट, आणि गिळल्यावर जीभ कोरडी होऊन लवंगेसारखी उब मागं राहते. ती उब किती वेळ टिकते ते पाहा. स्वस्त आणि चांगली, स्वस्त आणि वाईट यातला फरक मला तरी नेहमी इथंच सापडतो. वाईट असली तर गिळल्याबरोबर नुसती आग होते आणि मग काहीच नाही, तोंड रिकामं.

त्यानंतर पाणी. पेगात ग्लासभर पाणी ओतायची आपली सवय इथं आवरा आणि चहाच्या छोट्या चमच्यानं पाणी टाका, एक चमचा, हलवा, चाखा, मग दुसरा. 50 टक्क्यांच्या मालाला 30 एमएलमागं दोन चमचे पाणी घातलं की तो 37-38 वर येतो आणि तिखटपणाच्या खाली दबलेला संत्र्याच्या सालीसारखा, कोकोसारखा वास वर येतो. तुमच्यातल्या ज्याला कडू लागली त्याला दोन चमच्यांवर द्या, फरक त्याच्याच तोंडून ऐका.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नुसती का कॉकटेल? माझं मत स्पष्ट आहे, स्वस्त राय विकत घ्यायची ती मिसळण्यासाठी, पण निवडायची ती नुसती चाखून. जी राय नुसती घेतल्यावर दोन चमचे पाण्यात बोलती राहते तीच साखर, बर्फ आणि लिंबाच्या खाली दबत नाही. महागडी, दहा-बारा वर्षं मुरलेली राय साखरेत घालणं मला पटत नाही, आणि 40 टक्क्यांची मिळमिळीत राय कॉकटेलमध्ये दिसतच नाही, बर्फ वितळला की संपली. मधली जी जागा आहे, 45 ते 50 टक्के, ती दोन्हीकडं चालते. तुमची बाटली त्याच जागेवर आहे. म्हणून अर्धी राहिली ती अर्धी नुसती, अर्धी मिसळून पाहा, आणि कोल्ड्रिंक टाकणाऱ्या मित्राला पुढं सांगतो तो ओल्ड फॅशन्ड नावाचा कॉकटेल करून द्या.

चखन्याचं एक. चाखायला बसताना सावजी रस्सा समोर ठेवू नका. मी स्वतः सावजीचा भक्त आहे, पण त्या तिखटानंतर रायची मिरी कोणाला दिसणार. आधी चाखून घ्या, फुटाणे नाहीतर नुसते भाजलेले शेंगदाणे पुरे, मटण नंतर. हुरड्याचे दिवस असतील तर गरम हुरडा आणि दोन चमचे पाण्यातली राय हे जेवणाआधी एकदा करून पाहाच, भाजल्याची गोडी आणि पिंपाची गोडी एकमेकांना लय धरून जातात.

प्रश्न : दादा, आमच्या घरी संत्र्याची बाग आहे. यूट्यूबवर ओल्ड फॅशन्डमध्ये संत्र्याची साल टाकताना पाहिलं. आपलं नागपुरी संत्र चालते का त्याले? आणि ते बिटर्स नावाचं औषध इथं कुठं मिळत नाही, त्याच्याऐवजी काय टाकू?
— वरूड, जि. अमरावती

उत्तर : चालते काय, उत्तम चालते, फक्त थोडं वेगळं हाताळावं लागते. व्हिडिओत जी असते ती मोसंबीसारखी घट्ट सालीची ऑरेंज, तिची साल सुरीनं पट्टीसारखी काढतात. आपल्या संत्र्याची साल सैल, पातळ, हातानं निघणारी. म्हणून पूर्ण पिकून पोकळ झालेलं फळ घेऊ नका, आंबिया बहाराचं थोडं हिरवट राहिलेलं, साल आतल्या फोडींना चिकटून असलेलं घ्या. साल धुवून घ्या, साध्या पाण्यानं नाही, कोमट पाण्यात मीठ टाकून चोळून, कारण बागेत फवारणी किती होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दोन बोटं रुंद तुकडा काढा, आतला पांढरा भाग नखानं खरवडा, तो कडू असतो. मग ग्लासाच्या वर धरून रंगाची बाजू खाली करून दाबा. उजेडात पाहिलं तर बारीक तुषार उडताना दिसतात आणि व्हिस्कीवर तेलाचा तवंग पसरतो, तो तवंगच पाहिजे, साल नंतर टाकली काय न टाकली काय. आपल्या संत्र्याचा वास त्या परदेशी ऑरेंजपेक्षा जास्त फुलासारखा येतो आणि रायच्या लवंगेबरोबर तो मला जास्त आवडतो, हे वऱ्हाडातला आहे म्हणून नाही बोलत, शेजारी-शेजारी ठेवून वास घेऊन पाहा.

कृती अशी. 60 एमएल राय, एक छोटा चमचा गुळाचा पाक (गूळ आणि गरम पाणी सारखं घेऊन विरघळवायचं, गाळायचं), दोन-तीन थेंब बिटर्स, मोठा बर्फ, अर्धा मिनिट चमच्यानं ढवळायचं, वरून साल दाबायची. गूळ पांढरट केमिकलचा नको, काळपट पाहिजे, काकवी असेल तर अजून छान पण मग अर्धाच चमचा. 1806 साली अमेरिकेत छापलेली कॉकटेलची जुनी व्याख्याच अशी आहे, दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे तुम्ही जे करणार ते सगळ्यात मूळ कॉकटेल.

बिटर्स म्हणजे कडू मुळ्या-मसाल्यांचा दारूतला अर्क, अंगोस्तुरा नावाची छोटी बाटली येते, मोठ्या गावात नाहीतर ऑनलाइन मिळते आणि थेंबा-थेंबानं लागते म्हणून वर्षानुवर्षं पुरते. ती मिळेपर्यंत 50 एमएल रायमध्ये दोन लवंगा, छोटा दालचिनीचा तुकडा, संत्र्याची वाळलेली साल आणि चिमूटभर काडेचिराईत टाकून चार-पाच दिवस झाकून ठेवा, गाळा, थेंबानं वापरा. तीच चव येणार नाही पण कडू आणि सुगंधी हे काम होते, आणि बिनकडूचा ओल्ड फॅशन्ड नुसता गोड सरबत होतो म्हणून हे वगळू नका.

लिंबाचं करायचं असेल तर व्हिस्की सावर : 60 राय, 20 लिंबाचा रस, 20 पाक, झाकणाच्या डब्यात बर्फ टाकून जोरात हलवा, गाळून घ्या. संत्र्याच्या रसानं सावर होत नाही, त्यात आंबटपणा कमी पडतो. मॅनहॅटन नावाचं कॉकटेल मात्र सध्या सोडून द्या, त्याला 60 रायमागं 30 गोड व्हर्मूथ (मसाल्यांची वाइन) लागते, ती बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी लागते, आणि एकट्या माणसाच्या घरी ती संपत नाही.

प्रश्न : मी राय आणि बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) दोन्ही बंगलोरला असताना घेतल्या. एका रायला चक्क शेपूच्या भाजीचा वास आला, दुसरीला नाही. माल खराब होता का? दुसरं, गावी आल्यावर तीच बाटली पाण्यासोबत एकदम बेचव लागली, ते काहून?
— मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : माल खराब नाही, तुमचं नाक चांगलं आहे. शेपूची जुडी निवडताना हाताला जो वास लागतो तोच काही रायमध्ये येतो आणि तो जास्त करून रायचं प्रमाण खूप असलेल्या व्हिस्कीत. अमेरिकेत इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्ग इथं एक मोठी डिस्टिलरी आहे, तिथं 95 टक्के राय आणि 5 टक्के माल्टेड बार्ली असा माल बनतो आणि तो बऱ्याच ब्रँडच्या नावानं विकला जातो, बुलेट राय त्यातलीच. केंटकीवाले बहुतेक 51 टक्क्यांच्या जेमतेम वर राय ठेवतात आणि बाकी मका, म्हणून त्यांची राय गोड, बर्बनच्या जवळची लागते. दोन्ही खऱ्या, दोन घराण्यांच्या. शेपू आवडत नसेल तर केंटकीची घ्या आणि आवडत असेल तर 95 वाली लिंबाच्या सावरमध्ये टाकून पाहा, तिथं तो हिरवा वास मस्त उठतो. कॅनडाच्या बाटलीवर राय लिहिलेलं दिसलं तर वेगळं समजा, तिथं हे नाव परंपरेनं कोणत्याही व्हिस्कीला लागते, आत राय थोडीच असू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावातच आहे. मूर्तिजापूर, दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट-मचूळ. त्या पाण्यात पन्नास टक्क्यांची राय काय, कोणतीच व्हिस्की टिकत नाही, आणि लिंबाचा आंबटपणाही मरतो. आपण प्यायचं पाणी आरओचं घेतो पण बर्फ मात्र घरच्या नळाच्या पाण्याचा लावतो, तिथं बहुतेक लोक चुकतात. बर्फही आरओच्या पाण्याचा लावा. बर्फाचा ट्रे फ्रिजमध्ये मासे-मटणाच्या बाजूला उघडा ठेवू नका, तो वास बर्फात उतरतो.

प्रश्न : नागपूरच्या दुकानातून राय घेऊन पुसदला कारनं यायचं आहे. बिल सोबत असलं तर चालते ना?
— पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : नाही बावा, ही जोखीम घेऊ नका. नागपूरहून यवतमाळकडं येणारा सरळ रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, देवळीवरून, आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. अमरावतीवरून फिरून येतो म्हणाल तर कारंजा-घाडगे, तळेगाव हेही वर्ध्यातच. दुकानाचं बिल म्हणजे त्या जिल्ह्यातून न्यायचा पास नाही, पकडलं तर गुन्हा लागतो आणि गाडीही अडकते. राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात जाऊन रीतसर विचारा, नाहीतर यवतमाळच्या नाही तर अमरावतीच्या दुकानदाराला ऑर्डर टाकायला सांगा, वेळ लागेल पण घरी झोप शांत लागेल. गडचिरोलीतही बंदी आहे. चंद्रपूरची बंदी 2015 ला लागली होती ती 2021 ला उठली.

भावाबद्दल एक सांगतो. भारतात आयात व्हिस्कीवर 150 टक्के कस्टम ड्युटी होती, फेब्रुवारी 2025 मध्ये ती 100 वर आणली पण फक्त बर्बनसाठी, राय त्यात नव्हती. त्यावर राज्याचा कर वेगळा. म्हणून तिकडची स्वस्त राय इकडं स्वस्त राहत नाही. परदेशातून येणाऱ्या माणसाला दोन लिटरपर्यंत ड्युटी न भरता आणता येते, घरचं कोणी येणार असेल तर तोच मार्ग परवडतो.

प्रश्न : ह्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मित्रानं सांगितलं की राय व्हिस्कीत साखर नसते म्हणून शुगरवाल्यांना चालते, आता रोज एक पेग घेऊन राहिले. खरं आहे का?
— एक ताई, तुमसर, जि. भंडारा

उत्तर : ताई, अर्धं खरं आहे आणि ते अर्धं खरंच धोक्याचं आहे. डिस्टिल केलेल्या कोणत्याही दारूत, राय असो की रम, वरून टाकली नसेल तर साखर जवळपास नसते, त्यात रायचं विशेष काही नाही. पण दारू पोटात गेली की लिव्हर तिच्यामागं लागते आणि रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मागं पडते. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना, त्यातही उपाशीपोटी घेतली, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, कधी कधी झोपेत. तेव्हा घाम, थरथर, बडबड, अडखळत बोलणं अशी लक्षणं दिसतात आणि घरच्यांना वाटते जास्त झाली, झोपू द्या. तसं करू नका, मशीन असेल तर लगेच शुगर तपासा, शुद्धीवर असतील तर साखरपाणी द्या, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. आणि मुळात कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना दाखवून दारूबद्दल स्पष्ट विचारा, लाजू नका, हे स्वतः विचारत नसतील तर तुम्हीच विचारा. तोपर्यंत तो रोजचा पेग बंद.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडं पारा 45-46 ला जातो, घर टिनाचं आहे. उघडलेली बाटली टिकते का?
— ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : बंद बाटली टिनाखाली ठेवू नका, धान्याच्या कोठीशेजारी नाहीतर माजघरातल्या खालच्या फळीवर, अंधारात, उभी ठेवा. आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते. उघडलेली बाटली अर्ध्याच्या खाली गेली की आतली हवा चव उडवते आणि गरमीत ते लवकर होते, म्हणून उरलेली राय 180 च्या स्वच्छ, कोरड्या क्वार्टरमध्ये काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, वर चिठ्ठी चिकटवा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मे महिन्यात चाखायची झाली तर बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून काढा, 40 डिग्रीच्या खोलीत नुसता अल्कोहोल नाकात जातो, बाकी काही समजत नाही. डीप फ्रीझरमध्ये मात्र नको, तिथं वास बसून जातो.